ग्रहमोहीम आखायची कशी? चांद्रयान-मंगळयानाच्या हिशेबवहीतून, पायरीपायरीने

१५ जुलै २०१९. श्रीहरिकोट्यात पहाटे २ वाजून ५१ मिनिटांनी चांद्रयान-२ उडणार होतं. राष्ट्रपती पाहायला आलेले, देश टीव्हीसमोर जागा. उलटी गणती ५६ मिनिटं २४ सेकंदांवर आली आणि घड्याळ थांबवलं गेलं. प्रक्षेपकात दोष दिसला होता.

कुणीतरी ‘थांबा’ म्हटलं आणि सगळे थांबले. ग्रहमोहिमेच्या व्यवस्थापनाबद्दल कुणी विचारलं, तर मी आधी या रात्रीचं सांगतो. कारण त्या क्षणी थांबता येणं हे कित्येक वर्षं आधी, कागदावर ठरलेलं असतं. थांबायचा अधिकार कुणाला, थांबलो तर पुढची तारीख कोणती, गेलेले दिवस कुठून भरून काढायचे, याची उत्तरं आधीच लिहिलेली नसतील तर त्या वेळी कुणाचीही जीभ उचलत नाही.

हा लेख इस्रोच्या चंद्र आणि मंगळ मोहिमांवर बेतलेला आहे. मोहीम-आराखड्याच्या स्पर्धेत उतरणारे विद्यार्थी, अवकाश क्षेत्रात नव्याने शिरलेले अभियंते, आणि सरकारी पैशातून एखादं मोठं, एकदाच करता येणारं काम अंगावर घेतलेली मंडळी, अशा तिघांना डोळ्यासमोर ठेवून लिहितो आहे. सरकारी संस्थेची अडचण वेगळी असते. पैसा जनतेचा, तारीख आकाशाची, रॉकेट हाताशी असेल ते. आपल्या हातात राहतं एकच, शिल्लक कुठे आणि किती ठेवायची ते ठरवणं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या शिलकेभोवतीच फिरतात.

पायरी १ : आधी प्रश्न, मग यान

‘मंगळावर जायचं’ ही इच्छा झाली, उद्दिष्ट नव्हे. उद्दिष्ट लिहिताना एक साधा तक्ता करा. पहिल्या रकान्यात प्रश्न, दुसऱ्यात त्यासाठी काय मोजायचं, तिसऱ्यात कोणत्या उपकरणाने, आणि चौथ्यात त्या उपकरणाची यानाकडून, कक्षेकडून, उतरण्याच्या जागेकडून काय मागणी आहे.

चांद्रयान-३ मधल्या ‘चास्टे’ या उपकरणाचं उदाहरण घ्या. प्रश्न : चंद्राच्या दक्षिण भागातली माती उष्णता कशी वाहून नेते? मोजायचं काय, तर वेगवेगळ्या खोलीवरचं तापमान. उपकरण म्हणजे १० तापमान-संवेदक लावलेली, जमिनीत १० सेंटिमीटरपर्यंत खुपसायची एक सळई. आणि मागणी? लँडर, म्हणजे यानाचा जमिनीवर उतरणारा भाग, सरळ उभा राहिला पाहिजे, सळई खुपसायला यंत्रणा हवी, दिवस असताना उतरायला हवं. पृष्ठभागाजवळ ५० अंश सेल्सिअसच्या वर आणि केवळ ८ सेंटिमीटर खाली उणे १० अंशांच्या आसपास, असा आलेख हाती आला तो या चार रकान्यांतून. एखाद्या उपकरणाची ओळ तक्त्यात पूर्ण भरता येत नसेल, तर ते कितीही मोठ्या संस्थेचं असो, यानावर चढवू नका.

इथे प्रामाणिकपणाही लागतो. मंगळयान हे मुळात तंत्रज्ञान दाखवण्यासाठी होतं. मंगळापर्यंत पोचणं आणि कक्षेत शिरणं हा पहिला हेतू, विज्ञान दुसरा. म्हणून उपकरणं फक्त ५, सगळी मिळून १५ किलोच्या घरात. उलट चांद्रयान-१ वर ११ उपकरणं होती, त्यांतली ६ परदेशी. त्यांतल्याच नासाच्या एम-३ या उपकरणाच्या निरीक्षणांतून चंद्रावरच्या पाण्याच्या रेणूंची आणि हायड्रॉक्सिलची खूण २००९ मध्ये जाहीर झाली. दोन्ही मोहिमा आपापल्या जागी बरोबर होत्या, कारण आपला पहिला हेतू कोणता हे दोघींना ठाऊक होतं. एकाच यानाकडून दोन्ही तितक्याच जोरात मागितलं, की वजन आणि वेळ दोन्ही हाताबाहेर जातात.

पायरी २ : आकाशाचं पंचांग

लग्नाचा मुहूर्त टळला तर भटजी दुसरा काढून देतात. मंगळाचा मुहूर्त टळला की पुढचा साधारण २६ महिन्यांनी. शुक्राचा सुमारे १९ महिन्यांनी. म्हणून वेळापत्रक मुहूर्तापासून मागे मागे येत लिहायचं. उड्डाण, त्याआधी यान श्रीहरिकोट्याला पोचणं, त्याआधी कंपन आणि उष्णता-निर्वात चाचण्या, त्याआधी जुळणी, त्याआधी उपकरणं हाती येणं. असं मागे येता येता आजची तारीख ओलांडून गेलात, तर ती मोहीम या मुहूर्ताची नाही हे ओळखा.

मंगळयानाची मंजुरी ऑगस्ट २०१२ ची, उड्डाण ५ नोव्हेंबर २०१३ चं. मध्ये जेमतेम १५ महिने. हे जमलं त्यामागे चमत्कार नव्हता. अभ्यास आधीच झालेला होता, यानाचा सांगाडा चांद्रयान-१ च्या घराण्यातला होता, रॉकेट हातात होतं आणि उपकरणांचा मोह आवरला होता. कोऱ्या पानावरून सुरुवात करणाऱ्या संघाने या १५ महिन्यांशी स्वतःची तुलना करू नये.

चंद्राला असा लांबचा मुहूर्त नाही, पण उतरायचं असेल तर आहे. सौर पॅनेलवर चालणाऱ्या लँडरला तिथला सूर्योदय साधावा लागतो, म्हणजे पृथ्वीच्या हिशेबात १४ दिवसांचा उजेड पुरता वापरता येतो. चांद्रयान-३ ने २३ ऑगस्ट २०२३ धरला होता आणि काही बिनसलं तर २७ ऑगस्ट राखून ठेवला होता. चारच दिवस, पण पर्याय लिहिलेला होता.

पायरी ३ : आहे त्या रॉकेटात बसा

अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. २०१० मध्ये जीएसएलव्ही या इस्रोच्या मोठ्या रॉकेटची दोन उड्डाणं फसली होती. मंगळासाठी मग लहान, पण भरवशाचं पीएसएलव्ही रॉकेट निवडलं गेलं. त्याच्या ताकदीत यान थेट मंगळाच्या वाटेला लावणं शक्य नव्हतं. म्हणून १३३७ किलोचं यान आधी पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेत सोडलं आणि प्रत्येक वेळी पृथ्वीच्या सर्वांत जवळ आलं की इंजिन पेटवून कक्षा लांबवत नेली. गती जिथे सर्वांत जास्त, तिथे तेवढ्याच इंधनातून जास्त ऊर्जा पदरात पडते. झोपाळा खाली आल्यावर पाय मारावा तसं. शेवटी ३० नोव्हेंबर-१ डिसेंबरच्या मध्यरात्री त्याने पृथ्वीचा निरोप घेतला.

याची किंमत असते वेळ, आणि किरणोत्साराच्या पट्ट्यांतून होणाऱ्या जास्तीच्या फेऱ्या. रशियाचं लुना-२५ दहा दिवसांत चंद्रावर उतरणार होतं, चांद्रयान-३ ला ४० दिवस लागणार होते, यावरून तेव्हा समाजमाध्यमांवर बरीच थट्टा झाली. पण या फेऱ्यांचा एक फायदा थट्टा करणाऱ्यांच्या ध्यानात आला नाही. घराच्या अंगणात असतानाच यानाची कळ न् कळ तपासून होते. त्याचं उदाहरण नवव्या पायरीत येईल.

पायरी ४ : चार वह्या

यान म्हणजे चार वह्यांचा ताळेबंद : वजन, वीज, इंधन आणि माहिती. प्रत्येक वहीला एक मालक नेमा, एकच. दोन मालक असलेल्या वहीत शिल्लक नेहमी दोनदा खर्च होते.

वजनाच्या वहीत सुरुवातीलाच राखीव रक्कम बाजूला काढून कुलपात ठेवा. प्रत्येक उपकरण कागदावरच्या आकड्यापेक्षा जड होऊनच येतं. राखीव वजन टप्प्याटप्प्याने, परीक्षण-समितीसमोरच मोकळं करायचं. कुणी मागितलं म्हणून चहा पिता पिता दिलं, की संपलं.

विजेच्या वहीत सरासरीवर जाऊ नका, सर्वांत वाईट दिवस धरा. मंगळाच्या सरासरी अंतरावर पृथ्वीपाशी मिळणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या साधारण ४३ टक्केच पोचतो. मंगळयानाची तीन पॅनेल तिथे ८४० वॅट देतील अशा बेताने केली होती. बॅटरी मात्र १ तास ४० मिनिटांची सावली धरून होती. ठरलेलं आयुष्य ६ महिन्यांचं असल्यामुळे ते बरोबरच होतं. पण यान टिकलं, आणि २०१७ मध्ये जवळजवळ ८ तासांची सावली समोर आली. तेव्हा इंधनाची वही कामाला आली. १७ जानेवारी २०१७ रोजी छोटी इंजिनं ४३१ सेकंद चालवून कक्षाच बदलली. सुमारे २० किलो इंधन गेलं, १३ किलो उरलं, यान वाचलं. एका वहीतली तूट दुसरीतल्या शिलकेतून भरली, आणि त्यासाठी दुसरीत ती असावी लागली.

माहितीची वही बहुतेक जण विसरतात. रोज किती बिट्स गोळा होणार, अँटेना किती तास मिळणार आणि त्यात किती खाली येणार, याचा मेळ बसला पाहिजे. बंगळुरूजवळच्या ब्यालाळू इथली ३२ मीटरची आणि १८ मीटरची अँटेना हा आपला मुख्य आधार. पण पृथ्वी फिरते, मंगळ मावळतो. म्हणून गोल्डस्टोन, माद्रिद आणि कॅनबेराच्या नासाच्या अँटेनांचा वेळही मागून ठेवावा लागतो, तोही बराच आधी. त्यांच्याकडे इतरांचीही रांग असते. शिवाय सूर्य मध्ये आला की मंगळाशी बोलणं काही दिवस बंद. मंगळयानाने २०१५ च्या जूनमध्ये तो अबोला काढला. तेवढे दिवस यानाने स्वतःचं स्वतः पाहायचं असतं, त्याची तयारी आराखड्यातच हवी.

वह्यांबद्दल आणखी एक. एककं पहिल्याच पानावर लिहा. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर १९९९ च्या सप्टेंबरमध्ये मंगळापाशी हरवलं. एका बाजूचे आकडे पौंड-सेकंदात होते आणि दुसऱ्या बाजूने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. गणित दोघांचंही बरोबर होतं.

पायरी ५ : पैसा, मंजुरी आणि भागीदार

सरकारी वाट ठरलेली आहे : वैज्ञानिक सल्लागार समिती, प्रकल्प अहवाल, अंतराळ आयोग, मग केंद्रीय मंत्रिमंडळ. अहवाल लिहिताना फक्त यानाचा खर्च दाखवून मोकळं व्हायचा मोह होतो. १८ सप्टेंबर २०२४ रोजी मंजूर झालेल्या शुक्र मोहिमेचे आकडे पाहा. एकूण १२३६ कोटी, त्यांत यानावर ८२४ कोटी. उरलेल्यात रॉकेट, आणि जगभरातल्या जमिनीवरच्या केंद्रांची मदत. म्हणजे रुपयातले तेहतीस पैसे यानाबाहेरचे. चांद्रयान-२ च्या ९७८ कोटींतही ३७५ कोटी प्रक्षेपणाचे होते.

‘मंगळयान ४५० कोटींत’ या वाक्याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. पण नियोजकाने हे वाक्य खिशात ठेवून पुढच्या मोहिमेच्या बैठकीला जाऊ नये. ती मोहीम स्वस्त झाली कारण उपकरणं कमी होती, सांगाडा जुना होता, रॉकेट लहान होतं आणि चाचण्या मोजक्या पण नेमक्या ठेवल्या होत्या. चंद्रावरून माती आणायच्या चांद्रयान-४ ला २१०४ कोटी लागतात, आणि ते उधळपट्टीचं लक्षण नाही.

भागीदार निवडताना एकच गोष्ट विचारा : हा मागे हटला तर मोहीम उभी राहील का? चांद्रयान-२ चा लँडर आधी रशिया देणार होता. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांची मंगळाच्या फोबोस चंद्राकडे निघालेली मोहीम पृथ्वीच्या कक्षेतच अडकली. त्यानंतर लँडरचं लांबत गेलं आणि शेवटी भारताने स्वतःचाच करायचं ठरवलं. त्यातून विक्रम लँडर मिळाला हे खरं, पण वर्षं गेली. परदेशी उपकरण एक वेळ वगळता येतं. परदेशी पाय वगळता येत नाहीत.

पायरी ६ : माणसं आणि ‘नाही’ म्हणायची जागा

काम बऱ्याच गावांत वाटलेलं असतं. यान बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात, कॅमेरे आणि बरीच संवेदकं अहमदाबादच्या केंद्रात, रॉकेट तिरुअनंतपुरमला, इंजिनांच्या चाचण्या महेंद्रगिरीला, यानाशी बोलणं बंगळुरूहून. उद्योगांचा वाटाही मोठा. विक्रोळीच्या गोदरेजमध्ये रॉकेटची इंजिनं आणि यानाची छोटी इंजिनं घडतात, आणि इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला रॉकेटच्या घन इंधनाच्या मोटारींची कवचं. उसाच्या पट्ट्यातून जाणाऱ्या एसटीच्या प्रवाशांना याचा पत्ता नसतो.

इतक्या हातांना बांधणारी गोष्ट म्हणजे दोन भागांमधला करारनामा. कोणता स्क्रू कुठे, कोणती तार किती व्होल्टची, कोणता संदेश कोणत्या क्रमाने. मोहिमा बिघडतात त्या बहुतेक दोन उत्तम भागांच्या सांध्यावर. म्हणून सांध्यालाही मालक नेमा.

मग परीक्षणं. पीडीआर (प्राथमिक आराखड्याचं परीक्षण), सीडीआर (पक्क्या आराखड्याचं परीक्षण), चाचणीपूर्व परीक्षण, मोहीम-सज्जता परीक्षण आणि शेवटी उड्डाणाला परवानगी देणारं मंडळ. ही नुसती सह्यांची माळ होऊ द्यायची नसेल, तर प्रत्येक समितीत प्रकल्पाबाहेरचे, शक्यतो निवृत्त आणि थोडे तिरसट लोक बसवा. आधीच्या परीक्षणातले किती मुद्दे बंद झाले आणि किती ‘नंतर पाहू’मध्ये गेले, हा आकडा प्रत्येक वेळी पहिल्या पानावर असू द्या. ‘नंतर पाहू’ची यादी वाढत असेल तर वेळापत्रक खोटं आहे.

पायरी ७ : चाचण्या, आणि चांद्रयान-२ चा धडा

इथे जरा बसून बोलू, कारण मला वाटतं आपल्या अवकाश इतिहासातला नियोजनाचा सर्वांत मोठा धडा इथेच आहे.

७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे विक्रम उतरताना नियंत्रण सुटलं आणि तो आपटला. पहिला टप्पा, ३० किलोमीटरवरून ७.४ किलोमीटरपर्यंतचा, ठरल्याप्रमाणे गेला होता. वेग सेकंदाला १६८३ मीटरवरून १४६ मीटरवर आला होता. दुसऱ्या टप्प्यात गाडी घसरली. पुढे इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी कारणं उलगडून सांगितली. पाचही इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त पडला आणि चुका साठत गेल्या. त्या दुरुस्त करायला यानाला झटकन वळायला हवं होतं, पण वळण्याच्या वेगावर सॉफ्टवेअरमध्येच मर्यादा घातलेली होती. आणि उतरायची जागा फक्त ५०० मीटर बाय ५०० मीटर. यान ती गाठायच्या प्रयत्नात वेग वाढवत राहिलं.

यातलं एकेक कारण एकेकटं पाहिलं तर सोसण्यासारखं होतं. तीन मिळून आली आणि एकाही ठिकाणी शिल्लक नव्हती.

चांद्रयान-३ मध्ये काय बदललं ते याच नजरेने वाचा. जागा ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली. पाचवं, मधलं इंजिन काढून टाकलं. पाय सेकंदाला २ ऐवजी ३ मीटर वेगाचा धक्का सोसतील इतके मजबूत केले. इंधन वाढवलं, सौर पॅनेल वाढवली, वेग थेट मोजणारं लेझर उपकरण जोडलं, वळण्याची मोकळीक दिली. नवी करामत जवळजवळ नाही, सगळीकडे नुसता पदर वाढवलेला. इस्रोत याला अपयशावर आधारलेली रचना म्हणाले. म्हणजे ‘सगळं नीट झालं तर काय’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘हे संवेदक गेलं तर, हे इंजिन गेलं तर’ अशी यादी करत जायचं आणि प्रत्येक ओळीपुढे यान उतरेल की नाही ते तपासायचं.

तुमच्या मोहिमेसाठी हीच यादी करायची झाली तर एक पथ्य पाळा. बिघाड एकेकटे न तपासता जोड्यांनी आणि तिकडींनी तपासा. संगणकावर हजारो वेळा उतरवून पाहा, दर वेळी आकडे थोडे वाकडे करून. आणि संगणकावर भागवू नका. चांद्रयान-३ ची संवेदकं हेलिकॉप्टरला टांगून उडवली, इंजिनं पेटवून लँडर क्रेनला लटकवला, पाय नकली चांद्रमातीवर आपटून पाहिले. चांद्रयान-२ च्या वेळी कर्नाटकात चळ्ळकेरेजवळ विवरं खोदली होती, आणि चंद्रासारखी माती तामिळनाडूतल्या सित्तमपुंडीच्या खडकातून दळून आणली होती.

जाता जाता, आपलं बुलढाण्याचं लोणार हे बेसॉल्ट खडकात आघाताने झालेलं, चांगलं टिकून राहिलेलं दुर्मीळ विवर आहे. चंद्र-मंगळाचा अभ्यास करणारे तिथे मुद्दाम येतात. मराठी विद्यार्थ्याला क्षेत्र-अभ्यासासाठी विमानाचं तिकीट काढायची गरज नाही.

पायरी ८ : उड्डाण

हा दिवस लोकांना सर्वांत मोठा वाटतो. नियोजकासाठी तो एक दिवस आहे, बस. ‘थांबा’चे निकष आधी लिहिलेले हवेत आणि त्यात आडबाजूच्या गोष्टीही हव्यात. मंगळयानाचा मुहूर्त २८ ऑक्टोबर ते १९ नोव्हेंबर २०१३ होता. पहिल्याच दिवशी उडायचं ठरलं होतं, पण दक्षिण प्रशांत महासागरात रॉकेटवर नजर ठेवायला निघालेलं जहाज खराब हवामानात अडकलं. उड्डाण ५ नोव्हेंबरवर गेलं. मुहूर्ताच्या पहिल्या दिवसाची तारीख धरण्यातला शहाणपणा हाच, मागे दिवस उरतात.

चांद्रयान-२ ने गेलेला आठवडा कसा भरून काढला हेही शिकण्यासारखं आहे. २२ जुलैला उडाल्यावर चंद्राभोवती फिरायचे २८ दिवस १३ वर आणले, आणि उतरण्याची तारीख ६ ची ७ सप्टेंबर झाली. शिल्लक किलोत असते तशी दिवसांतही असते.

पायरी ९ : वाटेवर

अंगणातल्या तपासणीचं वर म्हटलं होतं. ११ नोव्हेंबर २०१३ ला मंगळयानाची कक्षा चौथ्यांदा वाढवताना इंजिनाच्या झडपेची मुख्य आणि राखीव वेटोळी एकाच वेळी चालू करून पाहिली. इंधनाचा प्रवाहच थांबला. सेकंदाला १३० मीटर वेग वाढायचा होता, वाढला ३५. दुसऱ्याच दिवशी जास्तीची फेरी करून तूट भरली, आणि दोन्ही वेटोळी एकत्र चालवायची नाहीत हे कळलं. हेच पहिल्यांदा मंगळापाशी कळलं असतं तर? राखीव यंत्रणा असणं पुरत नाही. ती घराजवळ असताना वापरून पाहावी लागते.

दूरच्या प्रवासात यानाला हाक मारून उपयोग नसतो. २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळापाशी संदेश पोचायला साडेबारा मिनिटं लागत होती, आणि इंजिन पेटलेलं असताना यान मंगळाआड जाणार होतं. म्हणून सगळ्या आज्ञा बऱ्याच दिवस आधी चढवून ठेवल्या. मुख्य इंजिन जवळजवळ ३०० दिवस झोपलेलं होतं. ते उठतं का हे बघायला दोन दिवस आधी सुमारे ४ सेकंद पेटवलं. उठलं नसतं तर आठ छोट्या इंजिनांवर भागवायची योजना तयार होती. कागदावर दुसरी योजना असली, की पहिलीवर हात थरथरत नाही.

नियंत्रण कक्षात बसणाऱ्या माणसांचीही वही ठेवा. पाळ्या, झोप, जेवण. कठीण क्षणांची रंगीत तालीम करा आणि तालमीत मुद्दाम बिघाड घाला. तो कोणता येणार हे तालीम घेणाऱ्यालाच माहीत असावं.

पायरी १० : विज्ञान, वाढीव आयुष्य आणि शेवट

शेवटाचीही योजना लागते, आणि ती सुरुवातीलाच. चांद्रयान-१ दोन वर्षांचं धरलं होतं. उष्णतेचा त्रास झाला, दिशा दाखवणारी तारा-संवेदकं गेली. कक्षा १०० वरून २०० किलोमीटरवर नेली, तरी ऑगस्ट २००९ च्या अखेरीस ३१२ दिवसांनी संपर्क तुटला. पण माहिती व्यवस्थित साठवलेली होती. एम-३ ची जुनी निरीक्षणं चाळूनच २०१८ मध्ये चंद्राच्या ध्रुवांवर उघड्या बर्फाचा थेट पुरावा मांडला गेला. यान गेल्यावर नऊ वर्षांनी! म्हणून माहिती-साठ्याचा खर्च आणि माणसं मोहिमेच्या मूळ अंदाजपत्रकातच घाला. ब्यालाळूचं माहिती साठवणारं केंद्र आणि ‘प्रदान’ संकेतस्थळ यासाठीच आहे. तिथून चांद्रयान-२ ची माहिती कुणालाही नोंदणी करून उतरवून घेता येते.

उरलेल्या शिलकेचं काय करायचं हेही ठरवून ठेवा. चांद्रयान-३ च्या प्रणोदन भागात, म्हणजे लँडरला चंद्रापर्यंत नेणाऱ्या भागात, काम झाल्यावर १०० किलोंहून जास्त इंधन उरलं होतं. त्यावर तो भाग चंद्राकडून परत पृथ्वीच्या कक्षेत आणला आणि माती परत आणण्याच्या वाटेची एक तालीम फुकटात झाली. ३ सप्टेंबर २०२३ ला चांद्रयान-३ च्या लँडरने (याचंही नाव विक्रमच) इंजिनं पुन्हा पेटवून सुमारे ४० सेंटिमीटरची उडी मारली, तीही अशीच. मंगळयानाच्या बाबतीत मात्र वही कोरडी पडली. २०२२ च्या एप्रिलमधल्या लांब सावलीनंतर ते बोललं नाही, आणि इंधन संपल्यामुळे वीज मिळत राहील अशा दिशेला यान वळवता येत नसणार असा निष्कर्ष निघाला. ६ महिन्यांसाठी पाठवलेलं यान साडेसात वर्षं चाललं होतं.

आणि जागा उरली तर एखादं असं उपकरण ठेवा ज्याला वीजही लागत नाही, संदेशही नाही. विक्रमच्या माथ्यावर नासाचा आठ लोलकांचा, जेमतेम ५ सेंटिमीटर रुंदीचा एक परावर्तक आहे. सप्टेंबर २०२३ च्या शेवटी विक्रम आणि त्याच्या प्रज्ञान या बग्गीला जागं करायचे प्रयत्न झाले, उत्तर आलं नाही. १२ डिसेंबरला चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटरने सुमारे १०० किलोमीटरवरून विक्रमवर लेझर टाकला. लोलकांनी तो परत पाठवला.